कळलावी दर वर्षी का दगा देते? खुरपं हातात घेण्याआधी या गोष्टी तपासा

मृगाचा पाऊस लागून पंधरवडा झाला की दगडी गडग्यापलीकडून हमखास हाक येते, "गो, तुझी कळलावी इली काय? माझी अजून येवक नाय." वेंगुर्ल्याच्या आमच्या वाडीत गेली बारा-तेरा वर्षं ही तक्रार मी निस्तरते आहे. त्यातली पहिली तीन वर्षं माझ्याच परसात गेली. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, करवंदीच्या जाळीत, गडग्याच्या फटीत, पाणंदीच्या कडेला जिला कुणी थेंबभर पाणी घालत नाही ती वेल दर वर्षी फुलते, आणि आपण कौतुकाने अंगणात आणली की जाते. असं का, हे कळायला मला अकरा कंद कुजवावे लागले. तुमचे वाचावेत म्हणून सगळं लिहून काढते आहे.

कळलावी म्हणजेच अग्निशिखा, काही ठिकाणी खड्यानाग. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे सगळीकडे तिचा संबंध येणार आहे. ही वेल मुळापासून बीपर्यंत विषारी आहे आणि सगळ्यात जास्त विष कंदात आणि बियांत असतं. घरात रांगतं मूल असेल, किंवा मोकळी फिरणारी शेळी-वासरं असतील, तर लावूच नका. तेरडा लावा, कोरांटी लावा. त्यांनीही अंगण शोभतं.

लक्षणं

तुमची तक्रार यातली कुठली आहे ते आधी ठरवा, कारण प्रत्येकीचं कारण वेगळं असतं.

- पाऊस लागून तीन-चार आठवडे झाले तरी कोंब नाही.
- कोंब आला, वीतभर वाढला, मग बुंध्याशी मऊ पडून आडवा झाला.
- वेल कमरेएवढी झाली आणि पानं खालून वर पिवळी पडत चालली.
- काल पानं होती, आज नुसता दांडा उरला.
- वेल माणसापेक्षा उंच, हिरवीगार, पण कळी एकही नाही.
- पानांच्या कडा आणि टोकं करपल्यासारखी तपकिरी.
- गणपती झाले, दसरा झाला आणि वेल पिवळी पडून वाळून गेली.

यातली शेवटची तक्रार मुळात बिघाडच नाही, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त लोक तीच घेऊन येतात. एकदा एक वहिनी "फुलाचा रंग बदलता, काय रोग असा?" असं विचारत आल्या होत्या. तोही रोग नव्हे. फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं, मग टोकाकडून लाल चढत जातं आणि शेवटी ते पूर्ण शेंदरी-लाल होतं. एकाच वेलीवर चार रंगांची फुलं दिसतात ती यामुळेच.

पहिली तपासणी: महिना कुठला चालू आहे?

हिला पैसा लागत नाही, फक्त दिनदर्शिका लागते. तरी हीच सगळ्यात जास्त वेळा चुकते.

कळलावी उन्हाळा सोसते म्हणजे उन्हात हिरवी राहते असं नाही. ती सरळ झोपते. मे अखेरीच्या वळवाने किंवा जूनच्या पहिल्या पावसाने कोंब वर येतो, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत फुलं येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंगा पिकून तडकतात आणि जमिनीवरचं सगळं वाळून जातं. तिथून पुढच्या मेपर्यंत जमिनीखाली फक्त कंद असतो आणि त्याला काहीही नको असतं. पाणी नको, खत नको, उगाच माती हलवणंही नको.

गडबड नेमकी इथे होते. नोव्हेंबरात वेल वाळते. आपल्याला वाटतं, पाऊस संपला, जमीन तापली, बिचारीला पाणी कमी पडतंय. मग जास्वंदीला पाणी घालताना तांब्याभर हिच्या बुंध्यातही पडतं. माझ्या पहिल्या वर्षीचे कंद असेच गेले. रोज सकाळी न चुकता पाणी घातलं मी त्यांना, डिसेंबरपासून मार्चपर्यंत! झोपलेल्या कंदाला पानं नसतात, त्यामुळे तो पाणी ओढत नाही. ओल तशीच राहते आणि बुरशीचं फावतं. मेमध्ये उकरलं तेव्हा कंदाच्या जागी तपकिरी गाळ होता, सालीची नुसती पिशवी उरली होती.

तेव्हा ऑक्टोबरनंतर वेल पिवळी पडली असेल तर पाणी बंद करा आणि पिवळा दांडा ओढू नका. तो आपणहून सुटू द्या. शेवटच्या त्या काही आठवड्यांतच पानांतला जीव नव्या कंदात उतरत असतो. हिचा कंद दर वर्षी नवा होतो. जुना कंद कोंबाला अन्न देऊन चिपाड होतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. हिरवी वेल लवकर कापली तर पुढच्या वर्षीचा कंद बारीक राहतो. मग पुढच्या जुलैत तुम्ही "कळी का नाही?" असं विचारत माझ्याकडे याल.

कोंब दिसला नाही म्हणून घाबरण्याआधी वीतभर आजूबाजूलाही बघा. नवा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन हातांचा असतो आणि कोंबाचा डोळा प्रत्येक हाताच्या अगदी टोकाला असतो. त्यामुळे यंदाचा कोंब गेल्या वर्षीच्या जागेवर न येता तिथून चार-सहा बोटं, कधी वीतभर सरकून येतो. आमच्या शेजारच्या काकांनी गेल्या वर्षीच्या खुंटीभोवतीची माती रोज न्याहाळली. वेल मात्र गडग्याच्या दगडाखालून वर येऊन केव्हाच चढायला लागली होती.

जून संपत आला, आजूबाजूच्या रानात कळलावी चढलेली दिसते आणि तुमच्याकडे काहीच नाही, तर पुढे वाचा.

दुसरी तपासणी: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. रानातली कळलावी हाच पाऊस अंगावर घेते, मग अंगणातली का कुजते? ती रानात कुठे उगवते ते जाऊन बघा. उतारावर, गडग्याच्या चिऱ्यांत, मुळांच्या जाळीत. पाणी येतं आणि लगेच निघून जातं. आपण तिला लावतो घराच्या भिंतीला टेकून, म्हणजे बरोबर पागोळीखाली.

पागोळीचं पाणी ही आपल्याकडची सगळ्यात दुर्लक्षित अडचण आहे. कौलांवरचं सगळं पाणी एका रेषेत पडतं, माती उडवतं, खड्डा करतं आणि कोवळ्या कोंबाच्या बुंध्याशी साचतं. कोंब मऊ पडून आडवा झाला असेल तर आधी मान वर करून बघा. वर पन्हळ किंवा कौलाची कड दिसली तर निम्मं निदान तिथेच झालं. उपाय फुकटाचा आहे. या पावसाळ्यापुरती तिथे सुपारीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, किंवा पत्र्याचा तुकडा तिरका लावून पाणी बाजूला काढा. कंद झोपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये जागा बदला.

पागोळी नसेल तर खालचा कातळ तपासा. आपल्याकडे पुष्कळ अंगणांत हात-दीड हातावर जांभा लागतो. खड्डा मारताना खालचा कातळ वाटीसारखा खोलगट लागला असेल, तर वरची माती कितीही भुसभुशीत असो, ती वाटी पावसाळाभर भरलेली राहते. तपासायचं असं. वेलीपासून हातभर लांब फूटभर खोल खड्डा घ्या, त्यात बादलीभर पाणी ओता आणि भाताला आधण ठेवून या. भात शिजून तुम्ही परत आलात तरी पाणी तसंच दिसलं तर ती जागा कळलावीची नव्हे. तिथे अळू लावा, छान येईल.

कुंडीतल्या वेलीसाठी दोनच गोष्टी. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून टाका, आणि तळाच्या भोकात काडी घालून ते मोकळं आहे का बघा. निम्म्या कुंड्यांत भोक मुळांनी नाहीतर शेणखताच्या गाळाने बुजलेलं सापडतं. उन्हाळ्यात मात्र कुंडी पावसा-पाण्यापासून लांब, पडवीच्या कोपऱ्यात ठेवा आणि विसरून जा. विसरायची सवय नसेल तर कुंडीवर पालथी टोपली घाला. माझ्या सासूबाई रिकामी दिसेल त्या कुंडीत पाणी घालतात, म्हणून मला ती युक्ती काढावी लागली.

तिसरी तपासणी: ऊन आणि आधार

वेल हिरवीगार आहे पण कळी नाही, त्यांच्यासाठी हा भाग.

कळलावीचे पाय सावलीत आणि डोकं उन्हात हवं. रानात ती झुडपाच्या बुडाशी उगवते आणि झुडपाच्या डोक्यावर जाऊन फुलते. कळ्या वरच्या टोकाकडेच धरतात. आंब्याच्या कलमाखाली किंवा माडांच्या दाटीत तिला डोकं बाहेर काढायला जागाच मिळत नाही. मग ती सावलीत लांबच लांब वाढते आणि तशीच वाळते. पावसाळ्यात ऊन कमी हे खरं, पण उघडीप पडते तेव्हा चार-पाच तास तरी वरच्या भागावर ऊन यायला हवं.

आता आधार. हिला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच लांब होऊन वेटोळं घेतं. ते वेटोळं लहान असतं, त्यामुळे पेन्सिलीपेक्षा जाड वस्तू त्याला धरता येत नाही. लोक हौसेने बांबूचा सोट रोवतात. वेल त्याच्या शेजारी उभी राहते, धरायला काही सापडत नाही, वाऱ्याने मोडते. दांडा मोडला की त्या कोंबाचं वर्ष संपलं, कारण एका डोळ्यातून एकच दांडा येतो. बांबू ठेवा, पण त्याला सुतळी गुंडाळा किंवा भोवती बारीक काटक्या रोवा. माझी सगळ्यात सुंदर वेल मेंदीच्या वईवर, म्हणजे कुंपणावर, चढली आहे. तिला मी कुठलाच आधार दिलेला नाही.

खताबद्दल थोडक्यात. कच्चं शेण घालू नका. त्याने पानं माजतात, फुलं कमी होतात, आणि ते कंदाला लागलं तर कंद सडतो. चांगलं कुजलेलं, काळं, वास न येणारं शेणखत मेमध्ये ओंजळभर मातीत मिसळलं की वर्षाचं काम झालं.

चौथी तपासणी: रात्री बॅटरी घेऊन जा

पानं रातोरात गायब होत असतील तर संशय दोघांवर. कोंब जमिनीलगत कुरतडलेला आणि आजूबाजूला चकचकीत चिकट माग असेल तर ती गोगलगाय. रात्री आठ-नऊ वाजता बॅटरी घेऊन जा, वेचून मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी मात्र वेलीच्या बुडाशी ओतू नका. कोंबाभोवती वीतभर जागेत कोरडी राख पसरा असं सांगतात, पण आपल्या पावसात राख तासभरही टिकत नाही. त्यापेक्षा तळ कापलेली प्लास्टिकची बाटली कोंबाभोवती उभी रोवली तर पहिले पंधरा दिवस निभावतात.

मोठ्या वेलीची पानं वरून खाल्ली जात असतील आणि दांड्यावर काळ्या अंगावर पांढरट-पिवळे नि लालसर ठिपके असलेल्या अळ्या घोळक्याने दिसत असतील, तर ती लिलीवरची अळी. तिचं शास्त्रीय नावच कळलावीवरून पडलं आहे, पॉलिटेला ग्लोरिओसी. कळलावीचं विष हिला बाधत नाही. दोन दिवसांत ती सगळी वेल फस्त करते.

इथे लोकांची चूक अशी होते की ते फक्त कळलावीवरच्या अळ्या मारतात. हीच अळी अंगणातल्या लिलीवर वाढते, आणि लिली वर्षभर हिरवी असते. माझ्याकडे तीन पावसाळे अळ्या येत राहिल्या, तेव्हा कुठे तुळशीवृंदावनामागच्या लिलीच्या कुंड्यांकडे माझं लक्ष गेलं. तिथे पानांच्या खालच्या बाजूला त्यांचं संस्थान होतं. आता जुलैत दर दोन दिवसांनी दोन्हीकडे फेरी मारते. अळ्या जाड कागदावर झटकून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. त्यांचा कोष जमिनीत होतो, म्हणून वेल वाळल्यावर बुडाचा पाचोळा गोळा करून घ्यायचा. कडुलिंबाचं तेल उघडीप असेल तर उपयोगी, पण फवारल्यावर सर आली की पैसे आणि मेहनत दोन्ही वाहून जातात. चार-पाच वेलींसाठी हातांनी वेचणंच परवडतं. हातमोजे घाला, कारण वेलीचा रस काहींच्या कातडीला लागतो.

पानांच्या कडा करपण्याचं कारण किनाऱ्यालगतच्या घरांत बहुधा खारा वारा असतो. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा सुटला की समुद्राकडच्या बाजूची पानं आधी करपतात आणि घराकडची चांगली राहतात. एवढा फरक दिसला तर औषध शोधू नका. त्या बाजूला झावळ्यांचा आडोसा करा.

पाचवी तपासणी: कंद बघणं

इथवर काही सापडलं नाही तरच खुरपं घ्या. हे काम शेवटाकडे ठेवलं, कारण यात कंद बरा होण्यापेक्षा बिघडण्याचीच शक्यता जास्त. उत्साहाने खणताना जे टोक खटकन मोडतं, नेमका त्याच टोकाला डोळा असतो. बटाट्याला अंगभर डोळे असतात, एक गेला तर दुसरा फुटतो. कळलावीच्या कंदाला प्रत्येक हाताला एकच, टोकाला. ते टोक मोडलेला हात कितीही जाडजूड आणि टणटणीत दिसला तरी त्यातून काही येत नाही. जत्रेत किंवा रोपांच्या गाडीवर "कळलावीचा कंद" म्हणून जे विकत मिळतं त्यात असे टोक मोडलेले कंद पुष्कळ असतात. घेताना टोक बघून घ्या. मी एकदा चार कंद आणले होते आणि त्यातल्या तिघांची टोकं गेलेली होती. मी मात्र दोन महिने पावसाला दोष देत बसले.

कंद बघायची खरी वेळ फेब्रुवारी ते एप्रिल, झोपेत. पावसाळ्यात बघावाच लागला तर खणू नका. मोजे घालून एका बाजूने बोटांनी माती सरकवा, कंदाची पाठ दिसेपर्यंतच.

दाबून बघा. टणक आणि साल घट्ट असेल तर कंद जिवंत आहे, माती परत लोटा आणि थांबा. काही कंद पहिल्या वर्षी जागा बदलली म्हणून उशिरा येतात. एक हात सुरकुतलेला आणि मऊ, पण दुसरा टणक असेल तर बहुधा जुना कंद संपतो आहे आणि नवा भरतो आहे. यालाही हात लावू नका. लोक हा जुना कंद सडला असं समजून सगळंच उपटतात. सडलेला कंद वेगळा ओळखू येतो. दाबला की पाणी सुटतं, आंबूस घाण वास येतो आणि साल हातात येते.

थोडाच भाग सडला असेल आणि डोळ्याचं टोक टणक असेल तर वाचवता येतो. स्वच्छ सुरीने सडका भाग पांढरं निरोगी मांस लागेपर्यंत कापा. ही सुरी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही. कापलेल्या जागी राख लावा. राखेने बुरशी मरत नाही, जखम लवकर सुकते एवढंच. मग सावलीत, वाऱ्यावर चार-पाच दिवस सुकू द्या आणि कोरड्या वाळूत ठेवा. निम्म्याहून जास्त सडला असेल तर सोडून द्या. अशा कंदांवर मी दोन वर्षं कष्ट केले आणि एकही उठला नाही.

कंद टणक आहे पण करंगळीएवढा बारीक असेल तर फुलं न येण्याचं कारण तेच. त्याला अजून एक-दोन पावसाळे भरायला द्या. बियांपासून वाढवलेल्या वेलीला तर पहिलं फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि बी रुजायलाच महिनेच्या महिने घेतं.

परत लावताना कंद उभा खुपसू नका. आडवा ठेवा, डोळ्याचं टोक किंचित वर, त्यावर चार बोटं माती. लावायची वेळ मेचा दुसरा-तिसरा आठवडा. त्यानंतर पहिला पाऊस पडेपर्यंत पाणी घालायचं नाही. हात शिवशिवतात, माहीत आहे मला.

सहावी तपासणी: माती आणि जागा नव्याने करणं

हे मेहनतीचं आणि थोडं खर्चाचं. पाण्याच्या तपासणीत जागा नापास झाली असेल तरच करा.

मी जमिनीत खड्डा करायचंच सोडलं. चार-सहा जुने जांभ्याचे चिरे रचून हातभर उंचीची चौकट करते, फटींत चुना-सिमेंट काही नाही. तळाला चिऱ्यांचे तुकडे आणि नारळाची सोडणं, त्यावर दोन भाग लाल माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून वापरू नका, तिच्यात मीठ असतं. फटींतून पाणी निघून जातं आणि वेल त्या फटींत रमते, कारण गडग्यातली तिची मूळची जागा अशीच असते. घर पाडल्यावर निघालेले चिरे मिळाले तर खर्च फक्त वाळूचा आणि गड्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा.

या चौकटीत लावल्यापासून, म्हणजे गेल्या आठ वर्षांत, माझा एकच कंद कुजला आहे. तोही पाहुण्यांच्या मुलाने हौसेने पाणी घातलं म्हणून.

शेंगा धरत नाहीत म्हणून विचारणाऱ्यांना एवढंच सांगते. या फुलात बीजांडाची दांडी बुडापासूनच काटकोनात वळून बाजूला जाते, त्यामुळे आपल्याच फुलाचा पराग तिच्यावर सहज पडत नाही. मोठी फुलपाखरं आली नाहीत तर शेंग धरत नाही. सकाळी एका वेलीच्या फुलाचा पराग कापसाच्या बोळ्याने दुसऱ्या वेलीच्या फुलाला लावला की काम होतं. पण मी स्वतः शेंगा धरू देत नाही. पिकून तडकली की आतलं लालभडक बी डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसतं आणि वाडीतली पोरं अंगणातच खेळतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बुंध्याशी पांढरी बुरशीची जाळी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी गोल दाणे दिसले तर घरगुती उपाय तिथेच थांबवा. ही खोडकूज मातीत राहते, ते दाणे वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि शेजारची मिरची, वांगी, भुईमूग काहीही पकडते. ती माती दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका, वेल शेणकीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकू नका. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात नमुना दाखवा. कुठलं औषध आणि किती ते त्यांना ठरवू द्या. दुकानदाराच्या सांगण्यावरून तीन बुरशीनाशकं एकत्र करून ओतणारे मी पाहिले आहेत. वेल तर गेलीच, शिवाय विहिरीच्या काठावर ते औषध झिरपलं.

एकाच आठवड्यात कळलावीबरोबर आजूबाजूची वेगवेगळी झाडंही माना टाकत असतील तरी तेच करा. तो प्रश्न मग या वेलीचा राहिलेला नसतो.

नवे कंद हवेत म्हणून रानातून उपटून आणू नका. औषधासाठी हिची एवढी खणाखण झाली आहे की काही सड्यांवर आता शोधावी लागते. ओळखीच्या माणसाकडून जादा झालेला कंद मागून घ्या. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला कवंडळ-शेरवडांबरोबर कळलावीचं फूल बांधायचं असेल तर फूल तोडा, वेल राहू द्या. आणि विसर्जनाला जाईपर्यंत ते मुलांच्या हाताला लागणार नाही असं उंच बांधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी कंद, बी किंवा पान खाल्लं असेल, खाल्ल्याचा नुसता संशय असेल, तरी लक्षणं दिसायची वाट बघू नका. आधी १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. यातलं विष म्हणजे कोल्चिसीन. गाऊटवर, म्हणजे सांध्यांच्या एका दुखण्यावर, डॉक्टर ते अगदी मोजून देतात, कंदात मात्र ते किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास जातात. कधीकधी मध्ये जरा बरं वाटतं आणि मग मूत्रपिंड, हृदय, रक्त यांच्यावर परिणाम होतो. उलटी करवू नका, ताक-लिंबू पाजत बसू नका. वेलीचा तुकडा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना कशाची विषबाधा ते शोधत बसावं लागणार नाही. वेलीच्या नावातली 'कळ' बाळंतपणाची, पूर्वी त्यासाठी कंद वापरत. असला उपाय कुणी सुचवला तर त्याला घराबाहेर काढा. गुराने खाल्लं असेल तर पशुवैद्य, तेही लगेच.

शेजारच्या आजी म्हणतात, "घरात कळलावी लावक नये, भांडणा लागतत." भांडणांचं मला माहीत नाही, पण कंद घरात ठेवण्याची भीती मात्र खरी आहे. आपल्याकडे हिवाळ्यात घराघरांत करांदे आणि कणगी हे खायचे कंद असतात. माझ्या माहेरी एकदा सुकवायला ठेवलेला कळलावीचा कंद कुणीतरी उचलून कणगीच्या रोवळीत टाकला. आईला त्याचा दोन हातांचा आकार खटकला म्हणून तो चुलीवर जाण्याआधी बाहेर निघाला. सोलून तुकडे केल्यावर ओळख राहत नाही. तेव्हापासून माझे कंद पडवीत, उंच टांगलेल्या मडक्यात, कोरड्या वाळूत असतात आणि मडक्यावर लाल रंगाने 'विष' लिहिलेलं आहे.

केंद्रावर नमुना नेतानाही हेच पाळा. मुळासकट वेल आणि मूठभर माती वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घातली तर एसटीत पोचेपर्यंत तिचा चिखल होतो आणि तिथल्या माणसाला त्यातून काहीच सांगता येत नाही. पुडक्यावर ठळक अक्षरांत 'कळलावी, विषारी' लिहा, आणि ते बाजाराच्या पिशवीत भाजीवर ठेवू नका.